वाळवंटातल्या चाकोऱ्या

विद्यार्थिदशेत आम्ही मोटरसायकलवरून भोरच्या पलीकडच्या डोंगरवाटा पालथ्या घातल्या होत्या. पुढे संशोधन, नोकरी आणि संसार यांत ते सारे मागे पडले. चाळिशी ओलांडल्यावर गाडी पुन्हा कच्च्या वाटेवर घातली, तेव्हा ध्यानात आले की हातपाय जुने धडे विसरलेले नाहीत. खडकाळ चढावर उभे राहून गाडी चालवायची, गुडघे सैल ठेवायचे आणि नजर चाकावर नव्हे, तर पुढच्या वळणावर ठेवायची. पाऊस नुकताच सरला होता, उतारांवर सोनकी फुलली होती. एका पठारावर वाटेत चिखल लागला. तो चुकवायला आम्ही गाडी बाजूच्या गवतातून काढली.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत तेथे गेलो. एका वाटेच्या आता तीन वाटा झाल्या होत्या. सगळीकडे गवत गुडघाभर, पण चाकोऱ्यांत नुसते पाणी साचलेले. त्यातली एक चाकोरी आमचीही होती. चाके दोन-चार वेळा फिरली, तर जमिनीचे एवढे काय बिघडते? उत्तर शोधत वाचता वाचता आम्ही अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटापर्यंत पोचलो. हा प्रश्न तेथे प्रयोग करून तपासला गेला आहे.

कॅलिफोर्नियाच्या या वाळवंटात पूर्वीपासून मोटरसायकली धावत. मात्र त्या बहुधा रस्त्यावरच्याच जड गाड्या असत, थोडेफार फेरफार केलेल्या. त्या वाळूत सांभाळणे येरागबाळ्याचे काम नव्हते. १९६८ साली यामाहा कंपनीने डीटी-१ ही २४६ घन सेंटिमीटरची हलकी मोटरसायकल अमेरिकेच्या बाजारात आणली. ती रस्त्यावर चाले आणि रानातही. साध्या नोकरदारालाही सुटीच्या दिवशी वाळवंट खुले झाले. बार्स्टो ते लास व्हेगास या शर्यतीत १९७४ साली सुमारे ३,००० स्वार उतरले. सरकारी भूमी विभागाने शर्यतीच्या आधीची आणि नंतरची जमीन तपासली आणि पुढच्या वर्षी परवानगी नाकारली. त्याआधी, १९७२ साली, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर वाहनांसाठी वाटा आणि क्षेत्रे ठरवून देण्याचा आदेश काढला होता. स्वारांना हा अन्याय वाटला. ओसाड वाळवंटात बिघडण्यासारखे आहे तरी काय, असा त्यांचा सवाल होता.

हा सवाल अगदीच गैर नव्हता. मोहावीची जमीन वरून निर्जीव दिसते. परंतु तिच्या पृष्ठभागावर अनेक ठिकाणी एक पातळ सजीव पापुद्रा असतो. नीलहरित जीवाणूंचे चिकट तंतू मातीचे कण एकमेकांना बांधून ठेवतात, त्यांच्या जोडीला दगडफूल आणि शेवाळ असते. टायरच्या नक्षीचे उंचवटे हा पापुद्रा फोडतात आणि सुटी झालेली माती वारा उडवून नेतो. दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून पाणी आणि हवा खाली जाते. चाकाच्या दाबाने त्या पोकळ्या मिटतात. मग पावसाचे पाणी मुरत नाही. सपाटीवर ते साचते, उतारावर चाकोरीतून वेगाने धावते आणि चाकोरीची घळ होते. घट्ट मातीत रोपांची मुळेही शिरत नाहीत.

रॉबर्ट वेब या शास्त्रज्ञाने मोहावीत एकाच पट्ट्यावरून मोटरसायकलच्या १, १०, १०० आणि २०० फेऱ्या करून माती तपासली. हा अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. माती सर्वांत झपाट्याने घट्ट होते ती पहिल्या काही फेऱ्यांत. पुढच्या प्रत्येक फेरीने होणारी भर कमी कमी होत जाते. म्हणजे शंभर स्वार एकाच वाटेने गेले, तर होणारे नुकसान शंभर वाटांनी जाण्यापेक्षा पुष्कळच कमी. आणि भरून यायला लागणारा काळ? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, जनरल पॅटन यांच्या पुढाकाराने या वाळवंटात रणगाड्यांचा सराव झाला. त्या रणगाड्यांच्या खुणा कित्येक दशकांनंतरही तेथे दिसत होत्या. घट्ट झालेली अशी जमीन पूर्ववत व्हायला शतकभर लागू शकते, असा अंदाज आहे.

आपल्या डोंगरांवर पाऊस भरपूर, त्यामुळे मोहावीचे आकडे येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण मातीचा थर पातळ आणि ओला असेल, तर ती दाबाने सहज बसते. हे वर्गातही पडताळता येईल. दोन्ही बाजूंची झाकणे कापलेला पत्र्याचा डबा शाळेच्या आवारातल्या पायवाटेवर थोडा रोवा. त्यात तांब्याभर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो, ते घड्याळात पाहा. मग वाटेपासून चार पावलांवरच्या मोकळ्या जमिनीवर तोच प्रयोग करा. दोन्ही वेळा फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. कारण विद्यार्थीच सांगतील.

चाकोरी सोडणाऱ्याचे आपण एरवी कौतुक करतो. डोंगरवाटेवर मात्र उलट आहे. आम्ही आजही सुटीच्या दिवशी गाडी काढतो. वाटेत चिखल लागला, तर उतरतो आणि गाडी त्याच चाकोरीतून ढकलत नेतो. पाय घोट्यापर्यंत बरबटतात, तेवढेच.