पूरनियंत्रणासाठी निसर्गाचा आधार : नोएडातील पूरमैदाने आणि पाणथळ जागा

पुराला केवळ तटबंध बांधून आवर घालता येत नाही. पूरमैदाने, पाणथळ जागा, तलाव आणि किनाऱ्यावरील खारफुटी यांच्या साहाय्याने पुराचा जोर कमी करण्याच्या पद्धतींना निसर्गाधारित उपाय म्हटले जाते. यमुना आणि हिंडन या नद्यांच्या दरम्यान १९७६ मध्ये वसविण्यात आलेल्या नोएडा शहरासाठी हा विषय विशेष महत्त्वाचा आहे.

२०२३ चा पूर

१३ जुलै २०२३ रोजी दिल्लीतील जुन्या रेल्वे पुलाजवळ यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला गेला. त्या वेळी हरियाणातील हथनीकुंड येथून होणारा कमाल विसर्ग सुमारे ३.६ लाख क्युसेक होता. ऑगस्ट २०१९ मध्ये तो ८ लाख क्युसेकहून अधिक असूनही पातळी २०७ मीटरच्या आत राहिली होती. पात्रातील गाळ, पूरमैदानावरील अतिक्रमणे आणि दिल्लीतील आयटीओ बंधाऱ्याचे न उघडलेले दरवाजे ही कारणे तेव्हा पुढे आली. नोएडाच्या यमुनाकाठच्या शेतांत आणि फार्महाऊसमध्ये पाणी शिरले. त्याच महिन्यात हिंडनच्या पुरात इकोटेक-३ परिसरात उभी असलेली शेकडो वाहने बुडाली.

उपायांचे स्वरूप

मोकळ्या पूरमैदानावर पाणी पसरते, त्याचा वेग मंदावतो आणि वाळूमिश्रित जमिनीतून ते भूगर्भात मुरते. पाणथळ जागा जादा पाणी काही काळ साठवून ठेवतात. नोएडालगत यमुनेवर १९९० मध्ये घोषित झालेले ओखला पक्षी अभयारण्य आणि ग्रेटर नोएडातील सूरजपूर पाणथळ क्षेत्र ही अशा जागांची उदाहरणे होत.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०१५ मध्ये यमुनेच्या पूरमैदानात बांधकामास मनाई केली. नोएडा प्राधिकरणाने २०२२ मध्ये तेथील अवैध फार्महाऊस पाडण्याची कारवाई केली.

किनारपट्टीवर हेच कार्य खारफुटी करते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर खारफुटीच्या ऱ्हासाकडे लक्ष वेधले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीस मनाई केली.

मर्यादा

मोठ्या पुराचे सर्व पाणी पाणथळ जागा सामावून घेऊ शकत नाहीत. त्यामुळे पूर्वसूचना, गाळ उपसा आणि बंधाऱ्यांची देखभाल यांना पर्याय नाही. मात्र पूरमैदानावर एकदा वस्ती उभी राहिली, की नदीला तिची जागा परत देणे अत्यंत कठीण होते आणि त्याची झळ प्रथम सखल भागातील रहिवाशांना बसते.