टूवूंबा : काळ्या मातीखालचा वायू आणि नियामकाचे अधिकार

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातील टूवूंबा शहराच्या पश्चिमेस डार्लिंग डाउन्सची काळी जमीन पसरली असून, विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या मातीप्रमाणे तीही कापूस आणि ज्वारी पिकवते. आणखी पश्चिमेला रोमा येथे १९०० साली पाण्यासाठी घेतलेल्या कूपनलिकेतून नैसर्गिक वायू निघाला. १९१५ च्या पेट्रोलियम कायद्याने भूगर्भातील पेट्रोलियम सरकारच्या मालकीचे ठरवले आणि पुढील कायद्यांनी हेच तत्त्व वायूलाही लागू केले. वर नांगर शेतकऱ्याचा आणि खाली वायू सरकारचा, अशी ही विभागणी होती.

एकविसाव्या शतकात कोळशाच्या थरांतील वायू मोठ्या प्रमाणावर काढला जाऊ लागला, तेव्हा या विभागणीचा कस लागला. थरातील पाणी उपसून दाब कमी केल्याशिवाय हा वायू सुटत नाही, त्यामुळे शेजारच्या शेतातील कूपनलिकांची पातळी खालावण्याची भीती असते. अशी हानी झाल्यास ती कंपनीनेच भरून द्यावी, असे बंधन जलकायद्याने घातले आहे. विहीर खोदण्यापूर्वी कंपनीला जमीनमालकाशी वर्तन-आणि-भरपाई करार, म्हणजे काम कसे चालेल आणि भरपाई किती याचा करार, करावा लागतो; वाटाघाटींसाठी किमान २० कामकाजाचे दिवस मिळतात आणि समेट न झाल्यास प्रकरण भूमी न्यायालयाकडे जाते. अर्थात शेतकरी भरपाईसाठी भांडू शकतो, पण कंपनीला कायमचे अडवू शकत नाही.

या संघर्षातूनच २०१३ च्या कायद्याने ‘गॅसफील्ड्स कमिशन’ हा वैधानिक आयोग उभा राहिला आणि त्याचे मुख्यालय पुढे टूवूंबात आले. शेतकरी, ग्रामीण वस्त्या आणि कंपन्या यांचे संबंध सांभाळणे, सरकारला सल्ला देणे आणि माहिती मागवणे एवढेच त्याचे अधिकार होते. परवाने व दंड सरकारी खात्यांच्याच हाती राहिले. याउलट १९९९ साली स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग अर्धन्यायिक, म्हणजे न्यायालयाप्रमाणे सुनावणी घेऊन बंधनकारक निर्णय देणारा असून, वीजदर ठरवणे व परवाने देणे ही कामे तो स्वतः करतो. महाराष्ट्रात आदेशाचा हात आहे, टूवूंबात केवळ मध्यस्थाचा.

२०२४ साली टूवूंबाच्या आयोगाचे नाव ‘कोएक्झिस्टन्स क्वीन्सलंड’ झाले आणि नवीकरणीय ऊर्जाही त्याच्या कार्यकक्षेत आली. परवाना देण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार मात्र तेव्हाही त्याला मिळाला नाही.