केबलचे टोक आणि चित्राची सावली

१९९१-९२च्या सुमारास उपग्रह वाहिन्या आल्या आणि इतर शहरांप्रमाणे सोलापुरातही गच्च्यांवरून, खांबांवरून काळी केबल धावू लागली. त्या काळाबद्दल लिहिताना आपण वाहिन्यांची नावे सांगतो. ती केबल चाकूने सोलून घरोघरी जोडणाऱ्या पोरांचे काम मात्र नोंदलेच जात नाही. आमच्या मते शिकवण्याजोगे तेच अधिक आहे.

मध्ये एक तार, तिच्याभोवती पांढरे प्लास्टिक, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा व बारीक तारांची जाळी, आणि बाहेर काळे आवरण. तारेभोवती दुसरा वाहक गुंडाळण्याच्या या कल्पनेचे पेटंट एकेकाळी तारयंत्रावर काम केलेल्या ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० साली घेतले. जाळीमुळे आतला संदेश आत राहतो, बाहेरच्या लहरी बाहेर. वीण विरळ झाली की काय होते, हे सोलापूरकरांना सांगायला नको!

टोक तयार करताना आवरण कापायचे, पण जाळीला पाते लागू द्यायचे नाही. जाळी मागे उलटवायची. प्लास्टिक कापताना मधल्या तारेवर ओरखडा नको. मग कनेक्टर बसवायचा. १९५०च्या दशकात अमेरिकेत निघालेल्या या एफ कनेक्टरला स्वतःची पिन नसते. केबलची तारच पिन होते. म्हणून तो स्वस्त, आणि म्हणूनच सारी भिस्त हातावर. जाळीचा एक धागा मधल्या तारेला टेकला की शॉर्ट!

जाळी नीट आवळली नाही तर? दूरदर्शनची लहर हवेतून थेट केबलमध्ये शिरे. केबलवाला तोच कार्यक्रम त्याच वारंवारतेवर देत असेल, तर एक चित्र दोनदा दिसे. हवेत लहर प्रकाशाच्या वेगाने जाते, केबलमध्ये त्याच्या सुमारे ८० टक्के वेगाने. ५०० मीटरमध्ये फरक पडतो ०.४ मायक्रोसेकंदाचा. जुन्या टीव्हीवर एका ओळीतले चित्र ५२ मायक्रोसेकंदांत डावीकडून उजवीकडे रेखले जाई. तेव्हा ४० सें.मी. रुंद पडद्यावर, आधी पोचलेल्या लहरीची सावली मूळ चित्राच्या सुमारे ३ मि.मी. डावीकडे! (हे गणित नववीच्या मुलांना जरूर द्यावे.) उलट, एखादे टोक मोकळे राहून संदेश परावर्तित झाला, तर तो उशिरा पोचे आणि सावली उजवीकडे पडे. बाजू पाहून दोषाचा अंदाज येई.

पुढे केबल डिजिटल करण्यासाठी सोलापूरसह ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ ही मुदत मिळाली. डिजिटल चित्राला सावली पडत नाही. ते चौकटींत फुटते, नाहीतर थिजते. दोष गळतीचा की परावर्तनाचा, हे पडदा आता सांगत नाही. टोक काढून पाहावे लागते.