पाळीपूर्व वेदना
मासिक पाळी येण्याआधीच्या आठवड्यात अनेक स्त्रियांचे स्तन जड होऊन दुखतात, डोके ठणकते, सांधे व स्नायू आखडतात. चर्चा मात्र होते ती चिडचिडीची; वेदना दुर्लक्षित राहते. कॅथरिना डाल्टन व रेमंड ग्रीन यांनी १९५३ मध्ये या लक्षणसमूहाला 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हे नाव दिले. त्याच्या तीव्र रूपाला, 'पीएमडीडी'ला, अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. त्याच्या निकषांतही स्तन, सांधे व स्नायूंच्या वेदनांचा समावेश आहे.

पाळी सुरू होताना ओटीपोटात येणाऱ्या कळा निराळ्या. त्या गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांमुळे येतात. पाळीपूर्व वेदना स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर उद्भवतात व स्राव सुरू झाल्यावर काही दिवसांत ओसरतात. रक्ततपासणीत संप्रेरकांचे प्रमाण बहुधा सामान्यच आढळते, आणि 'काही झालेले नाही' असे सांगून रुग्णाची बोळवण होते. वस्तुतः दोष प्रमाणात नसून संप्रेरकांच्या चढउतारांना शरीर देत असलेल्या तीव्र प्रतिसादात असल्याचे मानले जाते. म्हणूनच निदानाचा खरा आधार म्हणजे सलग दोन मासिक चक्रांतील दैनंदिन नोंद: कोणत्या दिवशी, कोठे, किती दुखले. दुखणे महिनाभर कायम राहत असल्यास एंडोमेट्रिऑसिससारखे अन्य कारण शोधावे लागते.