नाडी शांत झाली, म्हणजे धोका टळला का?

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरचे आपण लोक पावसाळ्यात एकमेकांना विचारतो, बारवी किती भरलं? आता समजा, पातळी दाखवणारी पट्टीच कुणी झाकली, तर पाणी चढायचं थांबेल का? हे उदाहरण लक्षात ठेवा. आजची गोष्ट एका गोळीची आहे.

रोज दारू पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला जास्त जागं ठेवायला शिकतो. दारू एकदम बंद झाली की हे जागेपण मोकाट सुटतं. हात थरथरतात, घाम फुटतो, नाडी धावते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर काहींना भास होतात, भ्रम होतो, आणि त्यात माणूस दगावूही शकतो.

१९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल हे औषध शोधलं, हृदयाच्या रुग्णांसाठी. अॅड्रेनलिनचा हुकूम हृदयाला ऐकूच जाऊ द्यायचा नाही, हे बीटा-ब्लॉकरचं काम. १९८८ मध्ये ब्लॅक यांना नोबेल मिळालं. मग डॉक्टरांना वाटलं, व्यसन सोडतानाची धडधड याने थांबेल का?

१९७२ मध्ये हेरॉइन सोडणाऱ्यांवर ते उपयोगी पडल्याचं छापून आलं, पण १९७४ च्या चाचणीत ती आशा टिकली नाही. दारूच्या बाबतीत मात्र १९८५ मध्ये अमेरिकेत अॅटेनोलॉलची रीतसर चाचणी झाली. रुग्णांची नाडी आणि रक्तदाब लवकर ताळ्यावर आले, इतर शामक औषधं कमी लागली.

मग घोडं अडलं कुठे? बीटा-ब्लॉकर थरथर आणि धडधड कमी करतो. फिट किंवा भ्रम रोखेल याचा भरवसा देत नाही. म्हणजे पट्टी झाकली, पाणी चढतच राहिलं! म्हणून आजही दारू सोडवताना मुख्य औषध बेंझोडायझेपिन गटातलं, आणि बीटा-ब्लॉकर फार तर जोडीला.

आपल्याकडे १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरला. व्यसन तुटतानाच्या त्या यातनांना मुलं 'टर्की' म्हणायची. १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. शरीरातून नशा उतरवणं ही तिथे फक्त पहिली पायरी होती. पुढे समुपदेशन, गटातलं बोलणं, घरच्यांची साथ.

तेव्हा घरातल्या कुणी दारू सोडायची ठरवली, तर कपाटातली बीपीची गोळी आपल्या मनाने देऊ नका. दम्याच्या माणसाला तर ती घातकही ठरू शकते. आणि रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नये. हात थरथरायचे थांबले तरी पुढचे काही दिवस कुणीतरी त्याच्याजवळ बसा.