रडार : न परतलेल्या लहरींचा इतिहास

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमधील डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॉट यांच्या प्रयोगात विमानावर आदळून परतलेल्या रेडिओ लहरी टिपल्या गेल्या. शत्रूची विमाने हेरणाऱ्या रडारचा पाया तेथे घातला गेला. भारतात पुढे याच तंत्राकडे वेगळे काम आले : पूर पाहण्याचे.

१९८८ साली अवकाशात गेलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाचे कॅमेरे सूर्यप्रकाशावर अवलंबून होते. आसाम-बिहारमध्ये पूर येतो तो पावसाळ्यात, आकाश ढगांनी झाकलेले असताना. म्हणजे गरज सर्वाधिक तेव्हाच दृष्टी बंद.

रडार स्वतःच लहरी सोडते, त्यामुळे त्याला उजेड लागत नाही. त्या लहरी ढगांतूनही आरपार जातात. संथ पाणी आरशाप्रमाणे त्या दुसरीकडे वळवते. उपग्रहाकडे फारसे काही परतत नाही आणि चित्रात पूरक्षेत्र काळे उमटते.

२६ एप्रिल २०१२ रोजी इस्रोने स्वदेशी रडार उपग्रह रिसॅट-१ सोडला. ३० जुलै २०२५ रोजी नासाच्या सहकार्याने घडवलेला निसार झेपावला. १९३५ मध्ये परतलेली लहर धोक्याची खूण होती. पुराच्या वेळी न परतलेली लहर बुडालेली गावे दाखवते.