स्लो, लूसी डिग्ज

(जन्म ४ जुलै, जन्मवर्ष सहसा १८८५ दिले जाते – मृत्यू २१ ऑक्टोबर १९३७). अमेरिकन कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ, वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठाच्या पहिल्या महिला डीन. जन्म व्हर्जिनियातील बेरीव्हिल येथे. आईवडील लहानपणीच गेल्याने आत्या मार्था प्राइस यांनी वाढवले. पुढे हे कुटुंब बाल्टिमोरला आले. शिष्यवृत्तीवर हॉवर्डमध्ये शिकून १९०८ मध्ये पदवी घेतली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘अल्फा कापा अल्फा’ या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींच्या पहिल्या ग्रीक-अक्षरी संघटनेच्या त्या संस्थापकांपैकी एक. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. १९१५ मध्ये मिळवली. १९१७ मध्ये अमेरिकन टेनिस असोसिएशनच्या पहिल्याच राष्ट्रीय स्पर्धेत महिला एकेरीचे विजेतेपद पटकावले. १९१९ पासून वॉशिंग्टनच्या शॉ ज्युनिअर हायस्कूलच्या मुख्याध्यापिका होत्या.

हॉवर्डने १९२२ मध्ये डीनपद देऊ केले, तेव्हा त्यांनी आधी अटी घातल्या: प्राध्यापकाचा दर्जा हवा आणि राहणे आवाराबाहेर असावे. त्या काळी महिला डीन म्हणजे रात्री कुलपे तपासणारी वसतिगृहाची रेक्टरबाई, असाच समज होता. स्लो यांचा आग्रह वेगळा होता. मुलींचे शिक्षण, राहणे, आरोग्य आणि नोकरीची तयारी हे सारे तज्ज्ञाचे काम आहे आणि विद्यापीठाच्या धोरणात त्याला जागा हवी, असे त्या ठामपणे मांडत. मुलींसाठी स्वतंत्र वसतिगृहे व्हावीत म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ती १९३१ मध्ये उभी राहिली.

विद्यापीठाचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन यांच्याशी मात्र त्यांचे जमले नाही. १९२७ मध्ये एका प्राध्यापकाच्या वर्गातील अश्लील बोलण्याविरुद्ध मुलींची तक्रार स्लो यांनी पुढे नेली आणि खटके वाढले. पुरुष डीनांपेक्षा पगार कमी, हेही दुखणे होतेच. १९३३ मध्ये त्यांना आवारात राहायला यावे असे फर्मावण्यात आले. आवाराबाहेर राहण्याची अट तर नेमणुकीच्या वेळीच ठरली होती. म्हणजे कराराची आठवण अध्यक्षांनाच करून द्यावी लागली! माजी विद्यार्थिनी त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. शिक्षिका व नाटककार मेरी बरिल यांच्यासोबतचे वॉशिंग्टनच्या ब्रुकलँड भागातील केर्नी स्ट्रीटवरचे घर स्लो यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

१९२३ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन ऑफ कॉलेज विमेन’च्या त्या पहिल्या अध्यक्षा. १९३५ मध्ये मेरी मॅक्लिओड बेथ्यून यांच्या ‘नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन’च्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. डीनपदावर असतानाच त्यांचे निधन झाले.